परतीचा पुरावा

घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचे दीड एकराचे भाताचे खाचर आहे. या खाचराचा सातबारा उतारा, तलाठ्याच्या सहीशिक्क्यानिशी, माझ्या आईने २०२४ च्या जानेवारीत प्लास्टिकच्या पिशवीत घालून मुंबईस, वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकेच्या वकिलातीत नेला. आणि त्या दिवसापासून जो एक प्रश्न माझ्या मनात ठाण मांडून बसला आहे, तो मी येथे मांडीत आहे. माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, न्यू जर्सीत नोकरीस आहे. वडील गेल्यापासून आईला काही महिने तरी आपल्याकडे न्यावे ही त्याची इच्छा उत्तरोत्तर तीव्र होत गेली, आणि अखेर त्याने तिच्यासाठी भेटीच्या व्हिसाचा अर्ज भरला. प्रश्न वरवर पाहता दफ्तराचा व कायद्याचा वाटतो, पण मुळात तो धर्माचा आहे : वृद्ध आईला परदेशातील आपल्या घरी ठराविक मुदतीपुरती पाहुणी म्हणून आणणे, हे पुत्रधर्माचे पालन होय, की त्या धर्माला आपण आपल्या सोयीने घातलेली मुरड होय?

अमेरिकेचा परदेशी माणसांसंबंधीचा मूळ कायदा १९५२ चा आहे. त्याच्या २१४ (ब) या कलमान्वये, भेटीसाठी येऊ इच्छिणारा प्रत्येक अर्जदार कायमच्या वास्तव्यासाठीच येत आहे असे अधिकाऱ्याने प्रथम गृहीत धरावयाचे असते, आणि आपला तसा इरादा नाही, आपण मुदतीत परतणार, हे सिद्ध करण्याचा सर्व भार अर्जदाराच्या शिरावर असतो. इरादा ही अंतःकरणातील गोष्ट; ती मोजावयाची कशाने? तर मागे काय उरते आहे त्यावरून : घर, जमीन, निवृत्तिवेतन, बँकेचा खातेउतारा, माणसे. म्हणून आमच्यासारख्या गावांतून जेव्हा एखादी म्हातारी माउली या कामासाठी मुंबईला निघते, तेव्हा तिच्या पिशवीत घरपट्टीच्या पावतीपासून फेरफाराच्या नकलेपर्यंत संसाराचे सगळे दस्तऐवज कोंबलेले असतात. १८५ डॉलरचे शुल्क भरून झाले होते, बोटांचे ठसे व छायाचित्र वेगळ्या केंद्रात आधीच देऊन झाले होते, आणि त्या पहाटे कसारा घाट उतरून आम्ही दोघे वेळेच्या बरेच आधी तेथे पोहोचलो. आत जाण्याची मुभा केवळ अर्जदारास. मी समोरच्या पदपथावर उभा राहिलो. आयुष्यभर बाजारालासुद्धा कोणाच्या ना कोणाच्या सोबतीने गेलेली माझी आई एकाहत्तराव्या वर्षी एका परक्या राज्याच्या दारात एकटी आत गेली, हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

ती दीड तासाने बाहेर आली. मराठीत बोलण्याची सोय होती, खिडकीपलीकडील माणूस सौम्य होता, आणि सातबारा त्याने पाहिलाही नाही. कोणाकडे जाणार, कशासाठी, आणि इकडे कोण आहे, एवढेच त्याने विचारले. तिने सांगितले, "धाकटा मुलगा आहे घोटीला. नातवाला बघते आणि आवणीच्या आत येते." पासपोर्ट ठेवून घेण्यात आला, आणि व्हिसा मिळाला.

परतताना इगतपुरीच्या अलीकडे धुके उतरले होते, आणि मला एकाएकी उमजले की त्या खिडकीपुढे जो पुरावा मान्य झाला तो मीच होतो. दादा हा तिच्या जाण्याचे कारण, आणि मी तिच्या परतण्याचे. आजवर मला कधी कधी असे वाटत आले होते, आणि हे लिहिताना मला संकोच होतो, की जो दूर गेला त्याची इच्छा मोठी आणि जो जवळ राहिला त्याचे असणे गृहीत धरलेले. त्या दिवसानंतर तसे वाटले नाही.

पण या प्रसंगातील खरी विसंगती त्याहून खोल आहे. आपल्या आश्रमव्यवस्थेत गृहस्थाने वनाकडे केव्हा वळावे याची जी खूण मनुस्मृतीने सांगितली आहे, तीत अंगावरच्या सुरकुत्या व पांढरे केस यांच्या जोडीला अपत्याचे अपत्य पाहणे हीही एक खूण आहे. नातवाचे मुख दिसले की माणसाने हाताची मूठ हळूहळू सैल करावयाची. शेत, घर, किल्ल्या, मानपान हे सारे पुढच्या पिढीच्या स्वाधीन करीत जावयाचे. हा उपदेश पुरुषाला उद्देशून आहे हे खरे. तरी त्यातील दृष्टी आपल्या घरोघरच्या म्हाताऱ्या बायकांनी शास्त्र न वाचता अंगी बाणवलेली असते. माझ्या आईने वडिलांच्या पश्चात दागिने दोन्ही सुनांना वाटून टाकले, एकभुक्त राहू लागली, आणि शेताचा व्यवहार माझ्यावर सोपविला. अशा वयात, अशा वृत्तीच्या माणसाला आज कायदा सांगतो की नातवाचे मुख पाहावयाचे असेल तर आधी तुझ्या आसक्तीचे पुरावे आण. तुला कोणते पाश बांधून ठेवतात ते दाखव, म्हणजे आम्ही तुला सोडू. शास्त्र जेथे ग्रंथी सोडावयास सांगते, तेथे दफ्तर त्या ग्रंथींची मोजदाद मागते.

यात कायद्याला दोष देऊन भागत नाही. कोणतेही राज्य आपल्या वेशीवर पहारा ठेवणारच, आणि पहारेकऱ्याने आगंतुकाचा इरादा विचारावा यात अधर्म नाही. पण त्या प्रश्नाने आपल्याला एका कोड्यापुढे आणून उभे केले आहे. वैराग्य म्हणजे मागे काहीच न उरणे असे आपण समजत आलो, आणि येथे तर असे दिसले की मागे काही उरले आहे म्हणूनच ही वृद्धा मोकळेपणाने जाऊ शकते. जिचे मागे काहीही उरलेले नाही, जमीन विकली गेली, घर पडले, एकुलता एक मुलगा तोही परदेशी, तिला तो दरवाजा सर्वांत कठीण. जिला मुलाची सर्वाधिक गरज, तिलाच मुलाकडे जाणे सर्वाधिक दुर्घट. हे मी आमच्याच तालुक्यातील एका घरी पाहिले आहे. दोन वेळा नकार घेऊन परतलेली ती बाई नंतर कोणाजवळही मुलाचे नाव काढीनाशी झाली.

आता दादाच्या बाजूकडे वळू. तो ज्या नोकरीच्या परवान्यावर तेथे राहतो, त्या परवान्याखाली त्याला कुटुंब म्हणून सोबत ठेवता येते ते फक्त पत्नीला आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित अपत्यांना. आईवडील त्या व्याख्येत बसत नाहीत. पुढे कायम वास्तव्याचा हक्क मिळाला तरीही आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही. त्यासाठी त्या देशाचे नागरिकत्वच घ्यावे लागते. म्हणजे आईला कायमचे जवळ आणावयाचे तर आधी मातृभूमीचे नागरिकत्व सोडावे, अशी ही अवघड अट आहे. आपल्याकडे मनूच्या नावाने सांगितले जाणारे आणि मिताक्षरेत उद्धृत झालेले एक वचन आहे, ज्यात माणसाने कोणत्याही परिस्थितीत ज्यांचे पोषण केलेच पाहिजे अशांची गणना केली आहे : वृद्ध आईबाप, सुशील पत्नी आणि लहान मूल. अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधीवर चालुक्यांच्या कल्याणीत बसून विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली, आणि तीच पुढे महाराष्ट्राच्या कुटुंबव्यवहाराचा शेकडो वर्षे आधार झाली. त्या वचनातील तीन नावांपैकी शेवटची दोन आजच्या परक्या कायद्याने जशीच्या तशी स्वीकारली आहेत आणि पहिले तेवढे गाळले आहे, हे लक्षात आल्यावर मी बराच वेळ स्तब्ध बसलो.

त्या वचनाचा उत्तरार्ध मात्र सावधपणे वाचावयास हवा. या तिघांचे पोषण शंभर अकार्ये करावी लागली तरी करावे, असे तेथे म्हटले आहे. परदेशस्थ मुलांपैकी काहींच्या मनात नेमका हाच विचार डोकावतो : भेटीच्या व्हिसावर आणू, मग पुढचे पुढे पाहू, मुदत वाढवून घेऊ, काही ना काही मार्ग निघेल. दादानेही एकदा दूरध्वनीवर मला तसे सुचविले होते, आणि त्याच्या आवाजातील व्याकुळता खोटी नव्हती. पण मला वाटते, त्या वचनाने मुलाला जी मुभा दिली आहे ती स्वतःच्या शिरावर दोष घेण्याची आहे. भुकेल्या आईसाठी मुलाने चोरी केली तर पाप मुलाचे. येथे गोष्ट उलटी आहे. येथे खिडकीपुढे आईच उभी राहणार, शपथपूर्वक विधान आईचे, बोटांचे ठसे आईचे. मुलाच्या मनातील इरादा झाकण्यासाठी असत्य बोलावयाचे ते आईने. जिने आपल्याला खरे बोलावयास शिकविले, तिच्या तोंडी उतारवयात आपल्या सुखासाठी असत्य घालणे, ही त्या शंभर अकार्यांत मोडणारी गोष्ट नाही. आई म्हणाली, आवणीच्या आत येते. आणि ती जे म्हणाली तेच तिच्या मनात होते. मी दादाला तेवढेच कळविले, आणि त्याने पुन्हा तो विषय काढला नाही, हे त्याच्याविषयी आदराने नमूद करतो.

भेटीच्या व्हिसाने आईला पाहुणी ठरविले, याचे दुःख पुष्कळांना होते. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरू शिष्याला घरी धाडताना ज्यांना देवासमान मानावयास सांगतो, त्यांत माता प्रथम येते आणि अतिथी चौथा. प्रथम स्थानावरील व्यक्तीला चौथ्या स्थानावर बसविणे ही अवहेलना नव्हे काय? मलाही आरंभी तसेच वाटले. पण अतिथी या शब्दाचाच विचार केला तर दिसते की ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, आणि मनूने तर एक रात्र राहणाऱ्यालाच ही संज्ञा दिली आहे. भेटीच्या व्हिसावर येणाऱ्या आईची येण्याची तिथी ठरलेली, विमानतळावरच्या अधिकाऱ्याने दिलेली राहण्याची मुदत साधारणतः सहा महिन्यांची, आणि परतीची तारीख तिच्या नावापुढे नोंदलेली. ती शास्त्रार्थाने अतिथी नाहीच. खरे तर या स्थितीला आपल्या भाषेत नावच नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत आमच्या भागातील मुलगे कामाला गेले तेव्हा आईबाप त्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत चार दिवस राहून परत येत. जागेची अडचण होती, परवान्याची नव्हती, आणि मन भरले नाही तर पुढच्या गाडीला पुन्हा जाता येई. लेकीच्या बाबतीत तर मुळातच संकोच होता : कन्यादान केलेल्या घरचे पाणी पिऊ नये असे मानणाऱ्या पिढीतील आया आज लेकीच्या बाळंतपणासाठी सातासमुद्रापलीकडे जातात. माहेरी यावयाचे ते लेकीने, ही रीत उलटून माहेरच आता लेकीच्या दारी जाते. या बदलाला कोणी शास्त्रार्थ विचारला नाही; मायेने तो परस्पर केला, आणि योग्यच केला.

घोटीला राहणाऱ्या माणसाला या प्रश्नाची उत्तरे शोधावयास फार दूर जावे लागत नाही, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. आमच्या तालुक्यातच कावनई आहे, आणि तेथील कपिलधारा तीर्थ कपिल महामुनींच्या नावाने ओळखले जाते. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कपिलाची कथा येते. पिता कर्दम संन्यास घेऊन निघून गेला, आई देवहूती एकटी मागे राहिली. कपिलाने तिला सांख्याचे ज्ञान दिले, आणि मग तिची अनुज्ञा घेऊन तोही निघून गेला. लहानपणी मला ही कथा निष्ठुर वाटे. ज्ञान देऊन झाल्यावर आईला सोडून जाण्याचे काय प्रयोजन होते? आता त्यातील एक बारकावा दिसतो, तो असा की कपिलाने आईला आपल्यामागून नेले नाही. तिचा आश्रम, तिचे सरोवर, तिचे नित्यकर्म यांतच तिला पूर्णत्व मिळेल असे पाहून तो गेला. पुत्राच्या मार्गाचे अनुचर होणे ही मातेची गती नव्हे, हे त्या कथेत गृहीत आहे.

दुसरे तीर्थ टाकेदचे. सर्वतीर्थ टाकेद म्हणून ते प्रसिद्ध आहे, आणि सीतेला वाचविताना घायाळ झालेल्या जटायूला अंतकाळी पाणी मिळावे म्हणून रामाने तेथे बाण मारून सर्व तीर्थांचे जल आणले, अशी आमच्याकडील श्रद्धा आहे. जटायू हा दशरथाचा मित्र. वाल्मीकीच्या कथेत रामाने त्याला पित्यासमान मानून त्याचे दहन केले व गोदावरीत त्याला उदक दिले. आता हे ध्यानी घ्यावे की हाच राम आपल्या पित्याच्या मरणसमयी जवळ नव्हता. एवढेच काय, दशरथाला चार पुत्र असून अंतकाळी त्यांपैकी एकही अयोध्येत नव्हता. राम-लक्ष्मण वनात, भरत-शत्रुघ्न मामाच्या गावी, आणि भरत येईपर्यंत राजाचा देह तेलाच्या द्रोणीत ठेवावा लागला. परदेशातील मुलगा येईपर्यंत शीतपेटीत ठेवलेला देह ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या प्रसंगाची व्यथा निराळी समजावून सांगावयास नको. रामाला पित्याच्या शब्दाने दूर पाठविले होते. आणि आजचे बहुतेक मुलगेही, कर्ज काढून शिकविणाऱ्या आणि 'पुढे जा' म्हणणाऱ्या आईबापांच्या शब्दानेच दूर गेलेले आहेत.

आमचे वडील २०१९ मध्ये गेले, तेव्हा दादा तिकडील कागदपत्रांच्या अडचणीमुळे नवव्या दिवशी पोहोचला. अग्नी मी दिला होता. दहाव्याचे विधी झाले, अस्थी रामकुंडात सोडून झाल्या, आणि मग एक दिवस आई त्याला एकट्याला घेऊन टाकेदला गेली. तेथे तिने त्याला काय सांगितले ते त्या दोघांनाच ठाऊक. परत आल्यावर दादा मला एवढेच म्हणाला की आईने ओंजळभर पाणी सोडायला लावले, आणि कोणाच्या नावाने सोडायचे ते सांगितले नाही. मला यात पुत्रधर्माचे एक सूत्र सापडते. जे कर्तव्य ज्या ठिकाणी करावयाचे राहून गेले, ते दुसऱ्या कोणासाठी, दुसऱ्या काठावर करण्याची मोकळीक रामानेच दिलेली आहे. जवळ नसलेला मुलगा कायमचा अपराधी, असे आपण म्हणू नये.

तिसरे ठिकाण तर आमच्या अगदी डोळ्यांसमोर आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे चालतात, आणि देशोदेशीची माणसे त्यासाठी येतात, हे सर्वश्रुत आहे. परंतु या साऱ्याचा उगम एका मुलाने आपल्या आईसाठी सीमा ओलांडण्यात आहे, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. सत्यनारायण गोयंका हे ब्रह्मदेशात मंडाले येथे जन्मलेले. त्यांची आई भारतात आजारी होती. त्या काळी ब्रह्मदेशाचे शासन आपल्या नागरिकांना परदेशगमनाची अनुमती सहसा देत नसे; पण आईच्या आजाराच्या कारणाने त्यांना पासपोर्ट मिळाला, आणि १९६९ च्या जूनमध्ये ते भारतात आले. जुलैच्या आरंभी मुंबईत एका धर्मशाळेत त्यांनी पहिले दहा दिवसांचे शिबिर घेतले, त्यात त्यांचे आईवडील धरून चौदा माणसे होती. आई मुलाकडे गेली नाही. मुलगा परवाना मिळवून आईकडे आला, आणि आपल्याजवळचे जे उत्तम ते तिच्या पुढ्यात ठेवले.

अंगुत्तरनिकायातील एका सुत्तात बुद्धाने मातापित्यांच्या ऋणाविषयी जे सांगितले आहे, ते या संदर्भात आठवते. आईला एका खांद्यावर आणि बापाला दुसऱ्या खांद्यावर घेऊन शंभर वर्षे वाहिले, त्यांचे सारे मलमूत्र खांद्यावरच काढले, त्यांना पृथ्वीचे राज्य दिले, तरी ते ऋण फिटत नाही. फिटते ते केवळ त्यांना श्रद्धेत, शीलात, दातृत्वात व प्रज्ञेत स्थिर केल्याने. आपला श्रावण कावडीत आईबापांना घालून तीर्थे हिंडवीत होता, आणि त्याची ती कावड आपल्या लोकमानसात पुत्रभक्तीची परमावधी ठरली. बुद्ध म्हणतो, कावड पुरेशी नाही. विमानाचे तिकीट हीही एक कावडच आहे. ती वाहणाऱ्याचे कष्ट मी कमी लेखीत नाही. परंतु कावडीत बसलेल्यांना कोठे जावयाचे आहे, हे त्यांना विचारले गेले पाहिजे. श्रावणाच्या आईबापांनी तीर्थयात्रा मागितली होती. आपल्या आईने काय मागितले आहे?

माझ्या आईने नातू मागितला होता, आणि तो तिला भरभरून मिळाला. महाशिवरात्र झाल्यावर ती गेली. तिकडच्या घरात दिवसभर ती एकटी असे, बाहेर पायी जाण्याजोगे अंतर नव्हते, रस्त्यावर माणूस दिसत नसे. पण दुपारी शाळेची बस नातवाला सोडून गेली की संध्याकाळपर्यंत त्या दोघांचे राज्य. त्याला तिने भाकरी थापावयास शिकविले. एका शनिवारी दादाकडे सत्यनारायण झाला. आपल्याकडे कोणत्याही पूजेच्या आरंभी संकल्पात माणूस आधी आपला देश व काल उच्चारतो : मी अमक्या द्वीपात, अमक्या नदीच्या अमक्या तीरावर, अमक्या तिथीस बसलो आहे. आमच्या घोटीकडे गोदावरीच्या दक्षिण तीराचा उच्चार होतो. परदेशातील पुरोहितांनी तेथील भूगोलाला अनुसरून द्वीपाची व खंडाची निराळी नावे योजली आहेत, ती त्या दिवशी उच्चारली गेली. पूजा झाल्यावर आईने सुनेला हळूच सांगितले की गुरुजी त्यांचे म्हणत होते तेव्हा मी मनात गोदावरीच म्हटली. दादाने हे मला सांगितले तेव्हा त्याचा स्वर कापत होता. आईने येथे कायमचे राहावे ही इच्छा त्याच्या मनातून त्या क्षणी गळून पडली, असे तो म्हणाला.

या ठिकाणी माझा निर्णय मी स्पष्टपणे सांगतो. आईला आपल्या घरी बोलावणे हे मुलाचे प्रेम आहे, पण पुत्रधर्म त्यापुढे सुरू होतो. तिच्या परतीची वाट मुलाने स्वतः मोकळी ठेवली पाहिजे. तिचे घर मोडू नये, तिची जमीन तिच्या नावावरून काढू नये, तिचे परतीचे तिकीट तिच्या हातात असावे, आणि तिला कंटाळा आला असे म्हणण्याची तिला भीती वाटू नये. कायद्याच्या अधिकाऱ्याने परतीचा पुरावा संशयाने मागितला. मुलाने तो आदराने सांभाळावा. आपल्या देशाने २००७ मध्ये आईवडिलांच्या चरितार्थाचा कायदा केला, आणि परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही तो लागू केला. १९८७ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विवाहित मुलीवरही ही जबाबदारी असल्याचा निवाडा दिला होता. असे कायदे हवेतच. पण त्यांची शक्ती पैशापुरती आहे. महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंतची रक्कम न्यायाधिकरण वसूल करू शकेल, सहवास वसूल करू शकणार नाही.

आणि सहवासाचा विचार करावयाचा तर एक साधी गोष्ट आपण नेहमी विसरतो. दरवाजा बंद आहे तो एकाच दिशेने. आईला मुलाकडे जावयाचे तर तिच्या आसक्तीची झडती होते. मुलाला आईकडे यावयाचे तर त्याच्याच देशाच्या वेशीवर त्याला कोणी इरादा विचारीत नाही. ज्यांनी परके नागरिकत्व घेतले त्यांच्यासाठीही २००५ पासून भारताने आजीव प्रवेशाची तजवीज केली आहे. आद्य शंकराचार्यांनी संन्यास घेताना आईला अंतसमयी परत येण्याचे वचन दिले होते, आणि संन्याशाला निषिद्ध असूनही, आप्तांनी पाठ फिरविली असूनही, कालडीला येऊन त्यांनी तिचे अंत्यसंस्कार केले, अशी परंपरा आहे. ज्याने सर्व बंधने तोडली त्यानेही हे एक ठेवले. नोकरीची रजा, मुलांची शाळा, तिकडील परवान्यांच्या अडचणी या खऱ्या आहेत, त्या मी जवळून पाहिल्या आहेत, आणि त्यांपायी कोणा मुलाला दूषण देण्याचा माझा हेतू नाही. पण 'आईला आणतो' या शब्दांत जी सोय आहे ती 'मी येतो' या शब्दांत नाही, म्हणूनच मी दुसऱ्या शब्दांना अधिक मोल देतो. ज्यांची मुले दूर आहेत अशा वाचकांनी आपल्या मुलांना हे निःसंकोच सांगावे. आणि ज्यांचे आईबाप मागे राहिले आहेत त्यांनी यंदाचा अर्ज भरण्यापूर्वी आईला एकदा एकांतात विचारावे की तुला यावयाचे आहे, की मी यावे.

आईला सहा महिन्यांची मुदत मिळाली होती. ती १०४ दिवसांनी परत आली, तेव्हा मृगाचा पाऊस होऊन गेला होता आणि राबावरची रोपे वीतभर झाली होती. आवणीला ती बांधावर बसून होती. तिच्या पासपोर्टावरील व्हिसा दहा वर्षांचा आहे. तो आणि सातबाऱ्याची ती प्रत एकाच पिशवीत, देवघराखालच्या पेटीत ठेवलेली आहे. येत्या आषाढात दादा तीन आठवडे येणार आहे. त्याने तिकीट काढले आहे, आणि नातवालाही तो सोबत आणतो आहे.